राजवाडा एक, राजवाडा दोन

निमाडातल्या एका तीस खाटांच्या सामुदायिक आरोग्य केंद्रात मी नर्सिंग ऑफिसर आहे. माहेर इंदूरचं, रामबागेतलं. नोकरीला बारा वर्षं झाली. बीएलएस (थांबलेला श्वास, बंद पडलेलं हृदय यावरचे प्राथमिक उपाय) आणि एसीएलएस (त्याच्या पुढचे, औषधं आणि शॉकसकट) ही दोन ट्रेनिंग मी नोव्हेंबर 2024 मध्ये इंदूरला केली. तेव्हा आमच्याकडच्या कुणीच ती केली नव्हती, त्यामुळे विचारायचं कुणाला हाच पहिला प्रश्न होता. आता तीन-चार जणी मला फोन करून विचारतात. प्रत्येकीला अर्धा तास सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते.

सुरुवात ऑगस्टपासून करावी लागेल. नागपंचमी होऊन दोन दिवस झाले होते. 11 तारखेची नाइट, पहाटे साडेतीनची वेळ. ट्रॅक्टरमधून तिशीतल्या एका बाईला आणलं. तक्रार काय, तर पोटात दुखतंय आणि घशाखाली काही उतरत नाही. कुठे जखम नाही, सूज नाही. नवरा म्हणाला, जमिनीवर झोपली होती. माझं लक्ष तिच्या डोळ्यांकडे गेलं. पापण्या मिटत चालल्या होत्या, आणि वर बघ म्हटलं तर ती डोळे न उचलता मानच मागे टाकत होती. मण्यार. हा साप रात्री चावतो, बहुतेकदा दुखत नाही, दाताची खूणही सापडत नाही.

डॉक्टर क्वार्टरमधून दहा मिनिटांत आले. सर्पदंशाच्या लसीच्या दहा व्हायल्स सुरू झाल्या. पण श्वास उथळ व्हायला लागला होता आणि आमच्याकडे व्हेंटिलेटर नाही. 108 मध्ये घालून इंदूर गाठायचं ठरलं. घाट धरून दोन तास. त्या दोन तासांत तिच्या तोंडावर मास्क दाबून मी अंबू बॅग, म्हणजे हातानं श्वास देण्याची पिशवी, पिळत होते. किती वेगानं? जमेल तितक्या वेगानं. भीती अशी की थांबले तर ती जाईल.

एम.वाय. या इंदूरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत एका ज्युनिअर डॉक्टरनं तिच्या पोटावर हात ठेवला. ढोलासारखं फुगलं होतं. तो रागावला नाही. इतकंच म्हणाला, "सिस्टर, बहुत तेज़ दिया आपने. हवा पेट में गई है. उलटी होकर फेफड़ों में चली जाती तो?" ती बाई पाच दिवस व्हेंटिलेटरवर राहून घरी गेली. मी मात्र परतीच्या गाडीत मानपूरपर्यंत एक शब्द बोलले नाही. बारा वर्षं अंबू बॅग हाताळत होते आणि मिनिटाला किती वेळा पिळायची, हे मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

अर्ज

ट्रेनिंग कुठलं करावं, याचा शोध सप्टेंबरमध्ये घेतला. शासनाचं प्रशिक्षण येतं, पण कुणाची नावं जाणार ते वरून ठरतं, आणि आमच्या केंद्राचा नंबर कधी लागेल ते कुणी सांगू शकलं नाही. स्वतः पैसे भरून करण्यासारखं म्हणजे अमेरिकन हार्ट असोसिएशनचं बीएलएस आणि एसीएलएस. इंदूरमध्ये अशी ट्रेनिंग घेणारी केंद्रं आहेत. मी दोन ठिकाणी फोन केले. एकानं दोन्हींचे मिळून 12,000 सांगितले, दुसऱ्यानं 9,800. दुसरं घेतलं. फोनवर दोन गोष्टी नक्की विचारा: पुस्तक फीमध्ये आहे का, आणि नापास झालं तर पुन्हा परीक्षा द्यायचे वेगळे पैसे पडतात का. मी पहिलं विचारलं होतं, दुसरं नाही. दुसऱ्याचीच गरज पडली, ते पुढे येईलच.

23 सप्टेंबरला रजेचा अर्ज दिला. "ड्युटी समजण्यात यावी" असं लिहिलं होतं. अर्ज गटातून जिल्ह्याला गेला. आठ दिवसांनी परत आला: ट्रेनिंगचं माहितीपत्रक जोडलेलं नाही. जोडलं. पुन्हा गेला. मग एका टेबलावरून फोन आला की खर्च शासनाला पडणार नाही असं हमीपत्र द्या. दिलं. मग तिकडून काहीच नाही. 21 ऑक्टोबरला उत्तर मिळालं ते असं की हे प्रशिक्षण विभागाच्या कॅलेंडरमध्ये नाही, सबब कर्तव्यावर मानता येणार नाही. अर्जदारानं स्वतःच्या खात्यावरील रजा घ्यावी. एका ओळीचं उत्तर यायला चार आठवडे. दिवाळी तोंडावर होती, मी फराळाला लागले. राग चकल्यांवर निघाला.

शेवटी तीन सीएल (किरकोळ रजा) घेतल्या आणि सोबतच्या सिस्टरशी चार नाइट बदलून घेतल्या. माझा सल्ला: अर्ज जरूर द्या, पावतीचा शिक्का घेऊन एक प्रत स्वतःकडे ठेवा, पण तारीख त्या उत्तरावर अवलंबून ठेवू नका. आधी सहकारी मैत्रिणीशी बोलून रोस्टर जमवा. नाइट ड्युटी देणाऱ्या मैत्रिणीचे उपकार कागदावर येत नाहीत. माझ्यावर तिच्या अजून दोन नाइट बाकी आहेत.

ट्रेनिंग केंद्राला नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीची झेरॉक्स, आधार आणि एक फोटो लागला. अर्धी फी आगाऊ, अर्धी पहिल्या दिवशी.

घरचा अभ्यास

पुस्तक कुरिअरनं 4 नोव्हेंबरला आलं. इंग्रजी बोजड नाही, पण जीएनएम या नर्सिंग डिप्लोमाचं शिक्षण झाल्यावर एवढं इंग्रजी मी वाचलंच नव्हतं. कोर्सला बसण्याआधी इंटरनेटवर एक पूर्वपरीक्षा द्यावी लागते. त्यात 70 टक्के हवेत आणि तो कागद छापून न्यायचा असतो. ही परीक्षा कितीही वेळा देता येते, म्हणून घाबरायचं कारण नाही. पण ती शेवटच्या रात्रीवर टाकू नका. आमच्या केंद्रात नेटवर्क फक्त लेबर रूमच्या मागच्या ओट्यावर येतं. तिथे उभी राहून, हातात मोबाइल धरून मी पहिल्यांदा 62 घेतले.

गाडी अडली ती ईसीजीच्या रिदमवर, म्हणजे कागदावर उमटणाऱ्या ठोक्यांच्या नक्षीवर. आम्ही ईसीजी काढतो आणि कागद डॉक्टरांच्या हातात देतो. तो वाचायचा असतो, हे आमच्या कामात कधी आलंच नाही. मी औषधाच्या रिकाम्या चिठ्ठ्यांच्या मागे रोज दहा रिदम काढायचे. व्हीएफ (हृदय नुसतं थरथरतं) म्हणजे लहान मुलानं पेन्सिल घासल्यासारखं. व्हीटी (हृदय फार वेगानं धडधडतं) म्हणजे करवतीचे दाते. सपाट रेघ म्हणजे असिस्टोल, हृदय थांबलेलं. यातल्या पहिल्या दोघांना, नाडी नसेल तर, शॉक देतात. सपाट रेघेला देत नाहीत. सिनेमात नेमकं उलटं दाखवतात, त्यामुळे डोक्यातून ते काढायलाच दोन दिवस गेले. दुसऱ्या वेळी 78 आले.

आकडे मात्र पाठच करावे लागतात, त्याला पर्याय नाही. मिनिटाला 100 ते 120 कॉम्प्रेशन, म्हणजे छातीवरचे दाब. मोठ्या माणसात खोली किमान 5 सेंटीमीटर, 6 च्या वर नाही. तीस दाबांना दोन श्वास. ॲड्रिनलिन 1 मिलिग्रॅम, दर तीन ते पाच मिनिटांनी. आणि ज्या आकड्यासाठी मी हे सगळं करत होते तो: नाडी आहे पण श्वास नाही, अशा मोठ्या माणसाला दर सहा सेकंदांनी एक श्वास. मिनिटाला फक्त दहा. त्या घाटात मी निदान तीस-पस्तीस देत असणार.

पहिला दिवस

21 तारखेला संध्याकाळी राजेंद्रनगरला बसमधून उतरले आणि मावशीकडे सुदामानगरला गेले. 22 नोव्हेंबर, शुक्रवार. राजीव गांधी चौराह्यावरून आयबस पकडली. आदल्याच दिवशी बीआरटीएस, म्हणजे या बसची वेगळी मार्गिका, काढून टाकणार म्हणून जाहीर झालं होतं, सगळी बस त्यावर भांडत होती. एक काका म्हणाले, "भिया, अब जाके सीट पे बैठने की आदत पड़ी थी." माझ्या मांडीवर पुस्तक उघडं होतं, पण एक ओळ डोक्यात शिरत नव्हती.

आम्ही चौदा जण. नऊ डॉक्टर, बहुतेक नुकतेच एमबीबीएस झालेले. पाच नर्सिंगचे. त्यातला एक झाबुआकडचा ब्रदर आणि मी, एवढे दोघेच खेड्यातले. बाकी शहरातल्या आयसीयूमधल्या पोरी, फटाफट बोलणाऱ्या. मी मागच्या रांगेत जाऊन बसले. शिकवणारे सर भूलतज्ज्ञ होते. दहा मिनिटांत त्यांनी खुर्च्याच काढून घेतल्या. सगळे जमिनीवर, सरावाच्या पुतळ्यांशेजारी.

इथे कपड्यांचं सांगते. ओढणी नको, साडी तर नकोच. नखं कापून जा. गुडघ्याखाली घ्यायला जाड टॉवेल न्या. मी नेला नाही, तीन दिवसांनंतर गुडघे जांभळे झाले होते. आणि सकाळी मावशीनं प्रेमानं वाढलेले सगळे पोहे खाऊ नका. वाकून दाब देताना त्यातला एकेक शेवेचा कण आठवतो.

पुतळ्याच्या खांद्यावर दिवे असतात. वेग आणि खोली बरोबर असेल तर हिरवे लागतात. माझा वेग सुरुवातीला छान होता आणि विसाच्या पुढे गेलं की ढासळायचा. दर वेळी तिथेच. सर जवळ बसून ऐकत राहिले आणि हसायला लागले. मी मनात नव्हे, पुटपुटत मराठीत मोजत होते. एक, दोन, तीन ठीक आहे. पण "एकोणीस", "सत्तावीस", "अठ्ठावीस", "एकोणतीस" हे म्हणायलाच वेळ लागतो, आणि हात जिभेसोबत हळू होतात. सरांना मराठी येत नव्हतं, तरी त्यांनी ते पकडलं. "सिस्टर, आपकी गिनती लंबी है. दस-दस में गिनिए." एक ते दहा, तीन वेळा. दिवे हिरवे. हा उपाय मी पुस्तकात वाचलेला नाही, पण मराठीत विचार करणाऱ्या प्रत्येक बाईला सांगेन.

दुसरी चूक अशी की दोन दाबांच्या मधे मी छातीवर रेलून राहत होते. छाती पूर्ण वर आली पाहिजे, तेव्हाच हृदयात रक्त भरतं. आमच्या केंद्रातल्या खाटा उंच आहेत आणि मी पाच फुटांची. तिथे वाकताच येत नाही, म्हणून रेलायची सवय लागली असणार. पायाखाली स्टूल घ्या, एवढं साधं उत्तर. बारा वर्षांत सुचलं नव्हतं.

बाळाचा पुतळा आला तेव्हा माझे हात आपोआप चालले. बाळंतपणं पुष्कळ केली आहेत. चार सेंटीमीटर खोली, दोघं असतील तर पंधराला दोन श्वास. शहरातल्या पोरी तिथे थोड्या अडखळल्या. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

पंचवीस प्रश्नांचा पेपर संध्याकाळी झाला. 84 टक्के हवेत, म्हणजे एकवीस बरोबर. मला बावीस.

रात्री मावशीच्या दिवाणखान्यात लोडाला मास्क लावून अंबू बॅगचा सराव केला. सहा सेकंद कसे मोजायचे? घड्याळाकडे बघायला तिथे तिसरा डोळा नसतो. मावशी भाजी निवडता निवडता म्हणाली, "एक-दोन कशाला, काहीतरी लांब शब्द घाल मधे. राजवाडा एक, राजवाडा दोन…" घड्याळ लावून पाहिलं. राजवाडा सहा म्हणेपर्यंत बरोबर सहा सेकंद होतात. मग ती भाजी निवडत मोजत होती आणि मी पिळत होते. सहा सेकंद किती मोठे असतात, हे तेव्हा कळलं. हात नुसता शिवशिवतो. पिळ, पिळ म्हणतो. आणि पिळायचं नसतं.

एसीएलएस

23 आणि 24, शनिवार-रविवार. यात सहा जणांची टीम बनवतात. एक लीडर, बाकीच्यांनी कॉम्प्रेशन, श्वास, मॉनिटर, औषध आणि वेळेची नोंद वाटून घ्यायची. लीडर सगळ्यांनी आलटून पालटून व्हायचं, नर्सनीसुद्धा.

मला हे सगळ्यात जड गेलं आणि त्याचं कारण वैद्यकीय नव्हतं. आम्हाला शिकवलंय काय, तर डॉक्टर सांगतील ते करायचं आणि डॉक्टर नसतील तर जेवढं येतं तेवढं गुपचूप करायचं, म्हणजे नंतर कुणी विचारू नये. इथे उलट. प्रत्येक गोष्ट मोठ्यानं बोलायची. लीडरनं नाव घेऊन सांगायचं, "ॲड्रिनलिन एक मिलिग्रॅम द्या." देणाऱ्यानं परत म्हणायचं, "ॲड्रिनलिन एक मिलिग्रॅम देतेय." दिल्यावर पुन्हा, "दिलं." पहिल्या दिवशी वाटलं, शाळेतल्या पाढ्यांसारखा काय हा प्रकार. दुपारपर्यंत कळलं की याच्याशिवाय एकच औषध दोघंजण देतात आणि तिसऱ्याला वाटतं दिलं असेल. हे आमच्याकडे घडलेलं मला आठवत होतं. कुणाला सांगितलं नाही.

आणि लीडर चुकत असेल तर बोलायचं. समोर एमडी करणारा मुलगा असला तरी. तोंड उघडायलाच मला जमेना. सर मागून दर दहा मिनिटांनी म्हणायचे, "सिस्टर, आवाज़?"

चहाच्या सुट्टीत झाबुआच्या ब्रदरनं विषय काढला की आपण नर्स प्रॅक्टिशनर (डॉक्टरांची काही कामं स्वतः करू शकणारी नर्स) व्हायला काय लागतं. मी माहिती काढून ठेवली होती. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा क्रिटिकल केअरमधला नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम आहे. दोन वर्षांचा, निवासी, पण बीएससी नर्सिंग आणि आयसीयूसारख्या विभागातला अनुभव मागतात. प्रसूतीशास्त्रातला दीड वर्षाचा वेगळा आहे. मी जीएनएम, पहिल्याचं दार बंद. शिवाय तो करून परत आमच्या केंद्रात आले तरी मंजूर पदांच्या यादीत नर्स प्रॅक्टिशनर असं पदच नाही. पहाटे साडेतीनला मण्यार चावलेली बाई आली की तेवढ्या दहा मिनिटांपुरतं मात्र ते पद आपोआप भरलं जातं. ब्रदर म्हणाला, आमच्याकडे ती दहा मिनिटं कधीकधी पन्नास होतात.

त्याच सुट्टीत मी सरांना विचारलं, की या पुस्तकात साप नाही, कीटकनाशक प्यायलेला माणूस नाही, बाळंतिणीचा रक्तस्राव नाही. आणि सहा जणांची टीम आमच्याकडे फक्त पंधरा ऑगस्टला जमते. रात्री मी, एक एएनएम (सहायक नर्स) आणि एक वॉर्डबॉय. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, वर्ग सुटल्यावर थांबा. शनिवारी संध्याकाळी अर्धा तास म्हणून थांबलो ते साडेसात वाजले. त्यांनी आम्हा दोघांकडून तीन माणसांत सगळं करून घेतलं: वॉर्डबॉयला काय देता येतं (कॉम्प्रेशन आणि मोजणी, शिकवलं तर उत्तम), एएनएमला काय, स्वतःकडे काय ठेवायचं. वेळ लिहिणारा माणूस नसेल तर काय, यावर ते म्हणाले, चिकटपट्टी मांडीवर लावा आणि तिच्यावर लिहा. विषबाधेत अ‍ॅट्रोपिन किती दिलं याचा हिशोब ठेवला नाही तर पुढच्या दवाखान्याला काहीच कळत नाही, हे त्यांनी तीनदा सांगितलं. माझ्या मते त्या अडीच तासांचीच खरी फी 9,800 होती.

रविवारी मेगाकोड. ही तोंडी-प्रात्यक्षिक परीक्षा: पुतळा, मॉनिटर, आणि केस बदलत जाते. माझा रुग्ण आधी नाडी 38, चक्कर. अ‍ॅट्रोपिन 1 मिलिग्रॅम सांगितलं, ठीक. मग व्हीएफ. शॉक, लगेच कॉम्प्रेशन, दोन मिनिटं, पुन्हा शॉक, ॲड्रिनलिन. इथपर्यंत पाठ होतं. मग कॉम्प्रेशन देणारा दमला, वेग उतरला. मी पाहिलं, आणि काय केलं? त्याला बाजूला सारून स्वतः दाब द्यायला लागले. मॉनिटरकडे कुणी बघत नव्हतं. दोन मिनिटं होऊन गेली, अडीच झाली, रिदम बदलून सपाट झाली, आणि मी खाली मान घालून एक ते दहा, एक ते दहा.

सरांनी हात वर केला. नापास. "आपने कंप्रेशन बहुत अच्छा दिया," ते म्हणाले. "लेकिन लीडर कहाँ था?"

बाथरूममध्ये जाऊन रडले. चाळिशीच्या जवळ आलेल्या बाईनं पंचविशीतल्या पोरांसमोर नापास होणं काही सोपं नसतं. आयसीयूमधली एक मुलगी मागून आली, पाण्याची बाटली दिली, म्हणाली तिची परीक्षा मागच्या वेळी दोनदा गेली होती. पुन्हा परीक्षा त्याच संध्याकाळी झाली, जादा पैसे घेतले नाहीत. सगळीकडे असं असेलच असं नाही, म्हणून वर म्हटलं की आधी विचारा. या वेळी मी हात पाठीमागे बांधले. खरोखर बांधले, एक तळहात दुसऱ्यात धरून. म्हणजे बोलण्याशिवाय गत्यंतर नाही. "ब्रदर, दाब हळू होतोय. सिस्टर, तुम्ही घ्या." मराठीत बोलून गेले. कुणीही हसलं नाही, सिस्टरनं दाब घेतला. पास.

पेपर पन्नास प्रश्नांचा, बेचाळीस लागतात. मला त्रेचाळीस.

कार्ड ईमेलवर येतं, कागदावर नाही. बारा दिवसांनी आलं आणि त्यात आडनाव चुकलेलं. फॉर्म मीच घाईत मोबाइलवर भरला होता. दुरुस्तीला आणखी नऊ दिवस. कार्ड दोन वर्षं चालतं, मग पुन्हा करावं लागतं. फी, बस, झेरॉक्स, मावशीला नेलेलं लोणचं सोडून, एकंदर खर्च 10,900 झाला. परत मिळण्यासाठी अर्ज केलेला नाही. त्या टेबलाशी पुन्हा पत्रव्यवहार करायची हौस नाही.

परत आल्यावर

पहिल्या आठवड्यात इमर्जन्सी ट्रॉलीचा खण उघडला. ॲड्रिनलिनच्या अकरा ॲम्प्यूल्समधल्या चार मुदत संपलेल्या. मोठ्या माणसाचा अंबू मास्क फाटलेला. लेबर रूममधलं पायरीचं स्टूल मी कॅज्युअल्टीत आणून ठेवलं. ते दोनदा परत गेलं, तिसऱ्यांदा त्याच्यावर लाल रंगानं "यहाँ से न हटाएँ" लिहिलं. डिसेंबरच्या स्टॉकमोजणीत स्टोअरमध्ये डिफिब्रिलेटर, म्हणजे शॉक द्यायचं मशीन, निघाला. पेटीतच होता, थर्मोकोलसकट. बॅटरी मेलेली, पॅडलवर लावायची जेली नाही. मागणीपत्र, स्मरणपत्र, पुन्हा स्मरणपत्र. 20 जानेवारीला तो चालू झाला.

दर बुधवारी दुपारी ओपीडी ओसरली की आम्ही उशीवर सराव करायला लागलो. डॉक्टरांनी परवानगी दिली, स्वतःही आले. एएनएम लाजायची. वॉर्डबॉय मात्र पहिल्या दिवसापासून खूश, त्याला मोजायला दिलं होतं. तो हिंदीत मोजतो, दहा-दहात. राजवाड्याचं ऐकून म्हणाला, मॅडम, आपण महेश्वर एक, महेश्वर दोन म्हणू. चालेल म्हटलं. लांबी तेवढीच आहे.

फेब्रुवारीतली एक रात्र. पन्नाशीचा एक शेतकरी, छातीत दुखतंय म्हणून घरच्यांनी मोटारसायकलवर मधे बसवून आणला. दारात पोचेपर्यंत मान कलली होती. नाडी दहा सेकंद शोधली, नाही. मॉनिटर लावला, सपाट रेघ. वॉर्डबॉय स्टुलावर चढला. एएनएम अंबूवर. मी ॲड्रिनलिन भरलं, मोठ्यानं बोलून दिलं. नातेवाईक ओरडत होते, मशीन आहे ना, करंट द्या, करंट का देत नाही. एएनएमनंही माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "सपाट आहे, शॉक नाही. दाब चालू ठेवा." माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. डॉक्टर बाराव्या मिनिटाला आले, त्यांनी पुढे घेतलं. तीस मिनिटांनी थांबवलं. तो गेला.

सकाळी कागद करायला बसलो. डॉक्टरांनी विचारलं, पहिलं ॲड्रिनलिन किती वाजता, दुसरं किती वाजता, कॉम्प्रेशन किती वाजता सुरू. चिकटपट्टी लावायची मी विसरले होते. वॉर्डबॉय पुढे आला आणि त्यानं डावा तळहात उघडला. निळ्या पेनानं, घामानं थोड्या पसरलेल्या, सगळ्या वेळा एकाखाली एक लिहिल्या होत्या. दाब द्यायची पाळी बदलली की दर वेळी त्यानं त्या लिहून घेतल्या होत्या. मी वाचत गेले, डॉक्टर रजिस्टरमध्ये उतरवत गेले. शेवटची ओळ झाली तरी हात तसाच पुढे.

"मॅडम," त्यानं विचारलं, "अब धो लूँ?"